चालतं घड्याळ

१८ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तीन आठवड्यांपूर्वी उजवा डोळा लाल झाला. तो जरा फिरवला की कळ मस्तकात जायची आणि एकाचे दोन दिसायचे. बायकोशेजारी बायकोच उभी दिसली तेव्हा मात्र धाबं दणाणलं. डॉक्टर म्हणाले, डोळा हलवणारे स्नायू सुजलेत. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तीन दिवसांत ठणका गेला. पण त्या अजून दोन महिने, हळूहळू कमी करत घ्यायच्या आहेत. तोंड सुजलंय, झोप नाही आणि हात कापतो. कापऱ्या हातानं मनगटी घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवायची कशी? तू सांगशील ते करीन.
तुझा धाकटा

२३ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
बायको एकच पुरे, दुसरी तुला झेपायची नाही. अप्पांनी दुकानात आपल्या दोघांना एकाच टेबलावर शिकवलं ते विसरलास? चालतं घड्याळ उघडायचं नाही, हा त्यांचाच धडा. ठणका गेलाय ना? आता भिंग लावून बघ. काटा एकच दिसला तर डोळा बरा आहे, गोळ्या बंद कर. डॉक्टरांनी कधी थरथरत्या हातानं घड्याळ जोडलंय? मोठी बहीण सांगते आहे, ऐक.
तुझी ताई

९ मे
ती. वन्संना,
सा. न. वि. वि.
तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांनी गोळ्या बंद केल्या. आठवड्यात दुखणं परत आलं, पण ह्यांनी ते लपवलं. विचारलं की भिंगातून काटा एकच दिसतोय म्हणायचे. भिंग लावताना दुसरा डोळा मिटलेलाच असतो, मग दोन दिसणार कसे? हे घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

परवा जिन्यावरून पडले तेव्हा दवाखान्यात नेलं. सुजलेल्या स्नायूंनी आतली नस दाबली गेली आहे. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. डावाही लाल झालाय, म्हणून गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. गोळ्या कुणी थांबवायला सांगितल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. हे म्हणाले, माझाच शहाणपणा. तुमचं पत्र त्यांनी फाडून टाकलं आणि तुम्हाला कळवू नकोस अशी शपथ घातली. मी ती मोडते आहे. मला तुमचा राग आलाय वन्सं, आणि तो लपवता येत नाही.
तुमची भावजय

१३ मे
सौ. वहिनीस आशीर्वाद.
राग धर, तो माझ्या हक्काचा आहे. भिंगाखाली एक डोळा मिटायला त्याला मीच शिकवलं होतं; तो सहा वर्षांचा होता, त्याची पापणी मी बोटानं धरून ठेवायची. आणि मलाच ते सुचू नये!

डॉक्टरांना माझं नाव सांग. गोळ्या तू स्वतःच्या हातानं दे, एकही चुकवू नकोस, आणि माझा सल्ला पुन्हा कधी घेऊ नका. मी शनिवारी येते आहे. त्यानं मला दारातूनच परत पाठवलं तर मी जाईन. पण तो पाठवणार नाही, उलट माझी पिशवी घ्यायला पुढे येईल, आणि त्याचीच मला भीती वाटते.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. मला ते तोंड उरलेलं नाही. तरी मागते.
ताई