साठ जणांचं 'नाही'

सोमवार, ९ जून २०२५

१. जानेवारीत एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी घोषणापत्राचा नमुना मी तयार केला. प्रश्न एकच — एआयची मदत घेतली का? घेतली असल्यास कुठे?
२. वर्गात मी सांगितलं, "खरं लिहा. त्याबद्दल गुण कापणार नाही."
३. मार्चमध्ये विद्यापीठाचं नवं धोरण आलं. त्यात भाषांतरालाही मनाई. वर्गाला मी ते कळवलं नाही. राहून गेलं.
४. एकसष्ट प्रबंध आले. साठांवर 'नाही'.
५. नाजिमाने लिहिलं — "प्रयोग, आकडे, विचार माझे. मजकूर मराठीत लिहिला, इंग्रजी एआयकडून करून घेतलं. पाने ४ ते ३१."
६. आज विभागाच्या परीक्षा समितीने तिला शून्य दिलं. साठ उत्तीर्ण.

समितीची सचिव मी.

मंगळवार, १० जून

विभागप्रमुख पद्मजा मॅडमना विचारलं, बाकीच्या साठांचं काय?

"पुरावा आहे? तुमचं ते तपासणीचं सॉफ्टवेअर माझा पंधरा वर्षांपूर्वीचा लेख यंत्राने लिहिलाय म्हणतं. या बाईंनी स्वतःच लिहून दिलंय. काम सोपं झालं."

जानेवारीत मी काय सांगितलं होतं, ते बोलले नाही.

बुधवार, ११ जून

नाजिमा विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आली. १ जुलैला नोकरीवर हजर व्हायचंय. निकाल नसेल तर घेणार नाहीत. तिच्या अब्बांचे गल्लीत पेढे वाटून झालेत.

"मॅडम, साठांपैकी कोणीच नाही वापरलं?"

"वापरलं असेल."

"म्हणजे वेडी मी एकटीच." हसली.

तिने अपील केलंय. उद्याच्या सुनावणीत माझं नाव सांग, एवढं म्हणायचं होतं. पाण्याची बाटली पुढे केली.

गुरुवार, १२ जून

सुनावणी. अकरा मिनिटं.

पद्मजा मॅडम — "अगं, हे असं लिहून द्यायला तुला सांगितलं कोणी?"

नाजिमाने माझ्याकडे पाहिलं नाही. "कोणी नाही. मलाच वाटलं."

इतिवृत्तात मी लिहिलं — 'कोणी नाही.' अक्षर नीट आलं.

निर्णय कायम.

शुक्रवार, १३ जून

शेजारच्या टेबलावरचा आमोद म्हणाला, "सुटलीस की. जुलैत तुझं कंत्राट वाढायचंय. पोरीने वाचवलं तुला."

चहा त्याने मागवला. प्यायले.

शनिवार, १४ जून

कर्वेनगरपर्यंत चालत गेले, चालत आले. काही सुटलं नाही.

सोमवार, १६ जून

इतिवृत्त सहीसाठी आलं. सही केली नाही. समितीला हे पाठवलं —

"नाजिमाच्या जबाबातलं एक वाक्य खोटं आहे. खरं लिहिल्यास गुण कापणार नाही, असं वर्गाला मी सांगितलं होतं. नियम बदलल्याचं मी कळवलं नाही, आणि सुनावणीत गप्प बसले. तिचा निकाल रोखू नये. कारवाई माझ्यावर व्हावी. कृपया शुक्रवार, २० जूनपर्यंत लेखी उत्तर द्यावे."