चूक किल्लीची नव्हती, बापूकाका

बापूकाका,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही, तरी लिहितोय. आज सकाळी योशिकोकाकूंचा फोन आला. तुम्हाला जाऊन उद्या एकोणपन्नास दिवस होतात आणि देवळात विधी आहे, हे मला माहीत होतं. न जाण्यासाठी कारणही शोधून ठेवलं होतं, कंपनीचं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मिलिंद, उद्या यायलास न्हवं? विधी झाला की गाडी चालू करून दे. यांच्या थोड्या अस्थी घेऊन आईच्या गावी जायचंय. चालवशील तूच. तीन वर्षं त्या गाडीत बसलो नाही मी. उगंच राग धरला रे यांच्यावर! किल्ली चालू राहिली, एवढंच तर झालं होतं."

मी "हो काकू, येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. तुमच्याकडून शिकलेल्या त्या कोल्हापुरी मराठीत एक जपानी बाई माझ्याकडे तुमची बाजू घेत होती. आणि मी काय केलं? गप्प बसलो. पुन्हा एकदा!

तुम्ही जहाजाच्या इंजिनरूममधून उतरून नागोयात राहिलात, संसार मांडलात आणि ती हिरवी अमेरिकन गाडी पदरी बाळगलीत. आठ सिलिंडरचं धूड ते! चालवायचं डावीकडे बसून, म्हणून टोलनाक्यावर खिडकीतून हात बाहेर काढायचं काम काकूंचं. मी पुण्याहून इथं पोस्टिंगवर आलो तेव्हा पहिल्याच रविवारी तुम्ही मला गॅरेजात नेलंत आणि म्हणालात, "इंजिनिअर, कान दे. पॉइंटचा गॅप वाढला की ती असं खोकते."

मला हसू आलं होतं. आमच्या विभागात आम्ही इग्निशनची सर्किटं तपासायचो, आणि इथं हा माणूस डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून ठिणगी पाडणाऱ्या त्या दोन इवल्याशा पॉइंटांच्या मध्ये पातळ पट्टी घालतोय, डोळे मिटून! दर महिन्याला घासायचं, गॅप धरायचा, स्क्रू आवळायचा, पुन्हा तपासायचं. मी म्हणालो, काका, काय हे? इलेक्ट्रॉनिक बॉक्स बसवू, घासायला पॉइंटच उरणार नाहीत, आयुष्यभर बघावं लागणार नाही.

"आयुष्यभर बघायचं नसेल तर गाडी कशाला ठेवायची रे?" तुम्ही म्हणालात.

इथल्या तेजीचा बबल फुटला, कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला, माझे रविवार मोकळे झाले आणि मी तुमच्या मागे हात धुऊन लागलो. आलेख दाखवले. ठिणगी किती जोरकस पडते ते कागदावर काढून दाखवलं. तुम्ही दुसरी बाजूही सांगत होता की! "पॉइंट दगा देतो तर आधी कुरकुर करतो. आणि रस्त्यात बसलाच तर पॉलिश पेपरनं घासून घरी येता येतं. तुझा बॉक्स बंद पडला तर मी काय करू? त्याच्या पाया पडू?" मी ऐकत कुठं होतो! मला जिंकायचं होतं, बास.

शेवटी तुम्ही कंटाळून म्हणालात, "बसव बाबा. पण जुनं सामान डिकीत राहू दे."

हो म्हणालो होतो मी. आणि तुमचे पॉइंट, कंडेन्सर, सगळं पिशवीत भरून गुरुवारच्या मोएनाय गोमीत टाकून आलो, न जळणाऱ्या कचऱ्यात. वर्गीकरण अगदी नियमाप्रमाणे केलं, पिशवीवर नाव लिहिलं! तुम्ही विचारलंत तेव्हा "लागणारच नाहीत हो" म्हणून खांदे उडवले. चिडायला हवं होतं तुम्ही. का नाही चिडलात?

मग गावाहून तो फोन आला. काकूंच्या आईचं काही खरं नाही, लगेच निघा. डोंगरातलं गाव, स्टेशनापासून लांब, म्हणून तुम्ही गाडी काढलीत. किसोच्या घाटात ती बंद पडली. कुरकुर नाही, खोकला नाही, एकदम गप्प. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि समोर माझा तो काळा बॉक्स. हातात पॉलिश पेपर असून उपयोग काय? टो करणारा ट्रक यायला चार तास लागले. तुम्ही पोचलात तेव्हा काकूंची आई जाऊन तासही झाला नव्हता. तिनं दोनदा विचारलं होतं, योशिको आली का. हे काकूंनीच मला सांगितलं, नंतर.

चार दिवसांनी मी त्या गावी गेलो. गाडी एका शेडमध्ये होती. तुम्ही दोघं काळ्या कपड्यांत बाजूला उभे होता. बॉनेट उघडलं आणि अर्ध्या मिनिटात मला कळलं. बॉक्सची अर्थिंगची वायर मी रंगावरच आवळली होती. खाली पत्रा खरवडायला विसरलो होतो. रंगावर बोल्ट किती दिवस करंट धरणार? धक्के बसून तो सैल झाला होता, बोटानं हलत होता. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल अशी चूक, बापूकाका! आणि करणारा मी, सर्किटं तपासून पोट भरणारा!

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "काका, वाटेत कुठं इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून बसला होता का?"

तुम्ही आठवायला लागलात. किती प्रामाणिकपणे आठवायला लागलात! "पार्किंगमध्ये... योशिको फोन करायला गेली तेव्हा टेप लावला होता." मी लगेच म्हणालो, "मग बॉक्स तापून बंद पडला असणार." तुमची पाठ वळल्यावर कानशीनं रंग खरवडला, बोल्ट आवळला, गाडी चालू केली. काकूंनी तुमच्याकडे एकदा बघितलं आणि त्या ट्रेननं घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी त्या गाडीचं दार उघडलं नाही. तुम्ही दर रविवारी ती एकटेच पुसत राहिलात.

तीन वर्षं मी तुमच्या घरी जेवलो. काकूंच्या हातची पिठलं-भाकरी खाल्ली. एकदाही ओठ उघडले नाहीत. लाज वाटायची, पण ताट पुढं आलं की तीही गिळायचो.

आणि त्या दिवशी हॉस्पिटलात? मी म्हणालो, काका, बरे व्हा, परत पॉइंट बसवू. काकू शेजारी नाशीचं फळ सोलत होत्या. तुम्ही म्हणालात, "बॉक्स काढू नकोस. त्याची काही चूक नव्हती. फक्त पुढच्या वेळी आधी रंग खरवडून घे."

काकूंनी विचारलं, "काय म्हणायलाय?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, कामाचं बोलायलोय."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! बोल्टाखालचा तो चकचकीत पत्रा तुम्ही केव्हाच पाहिला होता. तीस वर्षं गाडीत डोकं घालणाऱ्या माणसाला तो दिसणार नाही असं वाटलंच कसं मला? तरी बायकोचा राग तुम्ही स्वतःच्या अंगावर राहू दिलात. माझं तोंड काळं होऊ नये म्हणून? इथं दुसरं आपलं माणूस नाही, हा पोरगा तुटायला नको म्हणून? एकदा थोबाडीत मारायची होतीत, काका. मी सुटलो असतो.

त्यानंतर मी हॉस्पिटलात आलोच नाही. आठ दिवस होते हातात. तुम्ही गेलात तेव्हा फुलं पाठवली, तीही कंपनीच्या नावानं. इतका भेकड निघालो.

उद्या येतोय. देवळात नाही, त्याआधी घरी. अस्थींसमोर बसून काकू तुमची माफी मागतील, त्याच्या आत मला पोचायचंय. इथल्या रीतीप्रमाणे वाकून माफीचं 'मोशीवाके आरिमासेन' म्हणणार नाही, त्यात सगळं झाकलं जातं. त्यांना कळेल अशा साध्या मराठीत सांगेन: वायर मी चुकीची बसवली, खोटं मी बोललो, आणि काकांना ते ठाऊक होतं. त्यांनी हाकललं तर जाईन. गाडी मग दुसरं कुणीतरी चालवेल. पण तीन वर्षं ज्या माणसावर त्या रुसल्या, त्याच्याशी उद्या त्यांनी माफी न मागता बोलावं, एवढं मी करतो. हा शब्द मोडणार नाही.

तुमचा,
मिलिंद