तालमीची किल्ली

दीपनगर, ता. ९ मार्च १९७१

चि. नथ्थूस थोरल्या भावाचे आशीर्वाद.

चष्मा फुटला होता, म्हणून पत्राला उशीर झाला, माफ कर. तब्येत बरी आहे. सूनबाई वेळेवर दूधभाकरी देते.

परवा गावाहून जीवराम येऊन गेला. म्हणाला, तू आपल्या तालमीत व्यापाऱ्याचा कापूस भरलास. तुझ्या तीन पत्रांत म्हशीचीसुद्धा खबर होती, ही नव्हती. किल्ली मी विश्वासाने तुझ्याच हातात दिली होती ना रे?

इथे रोज पहाटे पन्नास बैठका मारतो. परत येऊन पोरांना शिकवायचे आहे, म्हणून उठावेसे वाटते. आज मात्र बसूनच राहिलो.

तुझ्या घरी कुंदाबाईचा खोकला थांबला का?

आखाड्यातली ताक-तेल पाजलेली माती ठेवलीस की फेकलीस? खरे काय ते लगेच कळव.

तुझा,
सुपडू