साइटस्क्रीन मळकटच आहे

३ जानेवारी
पुन्हा तेच. बॉलरच्या मागची पांढरी साइटस्क्रीन मळकट आहे म्हटलं की ग्राउंड्समनला राग येतो. म्हणे गेल्याच आठवड्यात रंगवलीय. मग बॉल का दिसत नाही? शून्य रन. हेल्मेटवर बॉल बसला होता त्याचा काही संबंध नाही. त्याला तीन आठवडे झाले.

१० जानेवारी
कॅप्टन झालो! जुना नोकरीपायी गाव सोडून गेला. दादाला फोन केला. अभिनंदन राहिलं बाजूला, म्हणाला, "डोळा दाखवलास का?" घरच्यांना कौतुक नाहीच.
कॅप्टन म्हणून पहिला निर्णय: स्क्रीन पुन्हा रंगवणे. रंग माझ्या पैशाने.

१७ जानेवारी
ओपनिंग सोडली. कॅप्टनने पाचवं यावं, डाव सावरायला. २ रन.

२४ जानेवारी
आठवा आलो. शेपूट भक्कम पाहिजे. स्लिपमध्ये कॅच सुटला. एका बॉलचे दोन झाले, मी जवळचा धरायला गेलो. डावा डोळा मिटला की सगळं स्वच्छ दिसतं. नवीन टेक्निक. कुणाला सांगणार नाही.

७ फेब्रुवारी
बढती! क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, तू आता खेळू नकोस, शिकव. कोच! चार पानांचं कॉन्ट्रॅक्ट. मान हलवत पानं उलटली, सही केली. विकेटकीपरने नंतर वाचलं. म्हणाला, "अरे येड्या, प्लेयरचा विमा गेला की यात." कोचला काय लागणार आहे, मी म्हटलं.

१४ फेब्रुवारी
पोरांना कॅच प्रॅक्टिस. माझी बॅट सहा वेळा हवेत फिरली. आधी पोरं हसली. मग कुणीच हसेना. याला शिस्त म्हणतात.
कोपऱ्यात काळं काहीतरी दिसतंय. तिकडे बघितलं की सरकतं.

२१ फेब्रुवारी
विकेटकीपरने धरून डॉक्टरकडे नेलं. उजवा डोळा झाकून अक्षरं वाचायला सांगितली. मी म्हटलं, बोर्ड मळकट आहे. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली. मग म्हणाले, आठ दिवसांत ऑपरेशन, नाहीतर हा डोळा गेला. खर्च विचारला. विमा असता तर फुकट.
संध्याकाळी दादाचा फोन. म्हटलं, दाखवला डोळा, ठणठणीत आहे. पुतण्या लेदर बॉलने खेळायला लागला म्हणाला, डोकं उघडंच.
ऑपरेशनचं बघू सीझन संपल्यावर. अजून दोन महिने.
दादा, त्याला हेल्मेट घे. चांगलं, जाळीचं. पाठवतोय, नऊ हजार चारशे. आहेत तेवढे.