कासवाचे पुढे काय झाले

नेरूळ, दि. १८ जून २०२५

रा. रा. व्याही हौसेराव यांस जोतीरामाचा नमस्कार, तूर्त नमस्कारापुरताच. वि. वि.

चि. ज्ञानेश्वरीच्या बारशास तुम्ही माझ्याआधी नगरसेवकास फेटा बांधलात. त्या दिवसापासून मी तुमचा उंबरठा चढलो नाही, व हे पत्रही त्या विषयाचे नाही.

नात काय वाचते हे तपासणे आजोबाचे कर्तव्य असल्यामुळे तिचे कासवाचे पुस्तक मी हाती घेतले. कासव बोलते, हे मला प्रथम मुळीच पसंत पडले नाही. तिसऱ्या प्रकरणापासून मात्र ते गप्प बसले की मला करमेनासे झाले. माझे शिक्षण चौथीपर्यंत. कादंबरी म्हणून कधी हाती धरली नव्हती. सांगण्यास संकोच वाटतो, परंतु खाडीखालच्या नगरात कासवावर दगडी दार बंद होते, तेथेच पहिला भाग संपतो आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दुसरा भाग चि. ज्ञानेश्वरी सुट्टीत तुमच्याकडे विसरली आहे. सूनबाईंस आणावयास सांगावे, तर घरभर हसू होईल. कृपया टपालाने पाठवावा.

लोभाचे पुढे पाहू.

आपला,
जोतीराम

पावणे, दि. २३ जून २०२५

व्याहीबुवांस हौसेरावाचा वाकून नमस्कार.

पत्राखाली लोभ शोधला, सापडला नाही. पुस्तक सापडले, पण पाठवणार नाही. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे मला वाचायला मनाई आहे. नातीने दार उघडेपर्यंत वाचून दाखवले आणि शाळा सुरू झाली म्हणून निघून गेली. होय, दार उघडते. आत कोण होते ते कळवणार नाही. सौ. पुतळा वाचते, पण कंटाळा आला की पाने गाळते. हे पत्रही तिच्याच हातचे. ही तक्रार तिने लिहून घेतली, यातच तिचा मोठेपणा.

तुमचे वाचन खणखणीत आहे असे नात सांगते. तेव्हा स्वतः या. फेटा काढून ठेवला आहे. त्या नगरसेवकाने पुढे पक्षही बदलला. आमचा फेटा वायाच गेला.

लोभ आमच्याकडून दोघांपुरता धरावा.

तुमचा,
हौसेराव

नेरूळ, दि. २६ जून २०२५

रा. रा. हौसेराव व सौ. पुतळाबाई यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

येत्या रविवारी सकाळी येतो. व्याह्यांच्या डोळ्याची विचारपूस करण्यास जातो, असे घरी सांगितले आहे. तेही खरेच आहे. फेटा बांधू नये. फेट्याखाली माझा चष्मा नीट बसत नाही. खुर्ची उजेडाजवळ मांडावी. दारामागे कोण होते, हे मी त्या पानावर पोहोचेपर्यंत कोणीही बोलू नये. मी पाने गाळीत नाही. त्यामुळे मुक्काम पडण्याचा संभव आहे.

लोभ आहे. कासवाचे काही बरेवाईट झाले, तरी तो राहील.

आपला,
जोतीराम