कुलदीपच्या पायाबद्दल आणि मूलच्या घराबद्दल

मी, रंभा तुळशीराम खोब्रागडे, वय एकोणसत्तर, अविवाहित, निवृत्त परिचारिका, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब वाढलेला आहे, त्याचे कारण खाली येईलच. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून पाहावा.

१. माझा भाचा कुलदीप देवाजी खोब्रागडे भारतात नोंदलेल्या एका मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याला खलाशाच्या कोर्सला मीच घातले, हे आधी नोंदवते. जून २०२३ मध्ये गुजरातच्या एका बंदरात जहाज धक्क्याला बांधताना ताणलेला दोर तुटून त्याच्या डाव्या पायावर बसला. पाय गुडघ्याखालून कापला. दोर झिजला आहे, हे त्याने वरच्या अधिकाऱ्याला दोनदा सांगितले होते.

२. कुलदीपला घरी आणले, त्यानंतर नवव्या दिवशी भरतीचा एजंट चंदन एक चेक आणि एक इंग्रजी कागद घेऊन आला. माझा भाऊ देवाजी याने पोराला सही करायला लावली. आमच्याकडे वाघाने माणूस धरला की वनखात्याचा साहेब येतो, थोडे पैसे लगेच देतो, बाकीचे मागाहून येतात. देवाजीने हेही तसेच धरले. मला कळल्यावर जाब विचारला, तर म्हणतो,

"बाई, पयला हप्ता होता नं तो. बाकीचे येतेच."

"कोण म्हणाला?"

"म्हणन कायले कोणी? तसंच रायते."

समुद्रात वाघ नसतो, देवाजी. कागदावर लिहिले होते की सर्व रक्कम मिळाली, यापुढे कोणताही दावा नाही. मी दोन गल्ल्या सोडून राहते. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पट्टी मारून शिकवलेले इंग्रजी या घराण्यात मला एकटीला येते. कागद माझ्याकडे आणावा असे एकालाही सुचले नाही. आठवले की अजून रक्तदाब चढतो.

३. वकील दिव्यानी वाळके यांनी समजावले, की नुकसानभरपाईच्या कायद्यात खलाशीही येतो आणि हक्क सोडल्याचा असला करार त्यापुढे टिकत नाही. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. राहत्या जिल्ह्यातही करता येतो. नोकरीच्या करारातली अपंगत्वाची रक्कम निराळी मागायची, आणि एजंटाची तक्रार जहाजवाहतूक महासंचालकांकडे. आम्ही तिन्ही केले. कंपनीचे उत्तर आले की कुलदीप दारू प्यालेला होता. मोहाच्या दारूच्या नुसत्या वासाने या पोराला मळमळते.

४. देवाजीला माझा चष्मा द्यावा. नंबर जुळणार नाही, तरी द्यावा. चंदन माझ्या मरणानंतर जलदानाच्या विधीला आलाच, तर पाणी द्यावे, कारण आपण कोणाला पाणी नाकारत नाही. खुर्ची देऊ नये.

५. ~~घर कुलदीपला, मात्र त्याने दावा शेवटपर्यंत लढवला तरच. तडजोड केल्यास घर विकावे.~~ (हे कलम मी स्वतः खोडले आहे. रं. तु. खो.)

६. खोडण्याचे कारण. कलम ५ मी काल कुलदीपला वाचून दाखवले. तो कुबडी भिंतीला टेकवून बसला होता.

"आत्या, चंदननं चेक दाखवून सही घेतली. तू घर दाखवून घेऊन राह्यली."

मी त्याला चहा न देता घालवले. आज सकाळी कलम खोडले. खरे होते म्हणूनच राग आला.

७. घर कुलदीपला, विनाअट. पोस्टातली ठेव दिव्यानी वाळके यांनी दाव्याच्या खर्चासाठी सांभाळावी. दावा संपला, किंवा त्याने संपवला, की उरेल ते त्याचे. पाय त्याचा होता, दावाही त्याचाच. तडजोडीचा कागद आला तर त्याने तो बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, अडेल तिथे दिव्यानीला विचारावे, मग मनाला येईल ते करावे. मला ते आवडणार नाही, अशी दाट शक्यता आहे. पण तेव्हा मी नसेन, एवढी सोय त्याला करून देते.

सही: रंभा तुळशीराम खोब्रागडे
मूल, दिनांक ९ डिसेंबर २०२४

साक्षीदार:
१. गुणवंतराव मेश्राम, निवृत्त पोस्टमास्तर ("वाचाचं कायले बाई, भरोसा हाय" म्हणाले. परत बसवले. वाचून सही केली.)
२. रिना अलोणे, परिचारिका (न सांगता वाचले.)