आधी कारण सांग, मग दही

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज भांडायचं आहे ते तुमच्याशीच. माझी नात उद्या जर्मनीला निघते आहे, तिकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून, आणि आठवडाभर मी तिला एकच विचारतो आहे, काहून जातेस. ती नुसती हसते. आपल्या आसगावात घरचं माणूस दूर निघालं की म्हाताऱ्यानं त्याच्या तळहातावर दही ठेवायचं, मगच त्यानं उंबरा ओलांडायचा. मी तिला सांगून टाकलं, आधी कारण सांग, मग दही.

कारण मागण्याचं हे खूळ तुमचंच. युरोपातले दर्यावर्दी नव्या भूमीच्या शोधात का निघाले, हे तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं. तुर्कांनी खुष्कीची वाट अडवली, मिरे महागले, सोनं हवं होतं, धर्म पसरवायचा होता, राजाकडून मान हवा होता. आम्ही घोकलं. मग तुम्ही मला उभं केलं आणि मी म्हणालो, "धुऱ्यावरून भावाभावात वाजलं असन, गुरुजी. धाकट्याच्या वाट्याले धानाची बांधीच आली नसन, मंग तो काय करन?" वर्ग हसला. आमच्या घरी तेव्हा काकांशी तेच चाललं होतं, दोन शेतांमधला धुरा दरवर्षी थोडा सरकायचा. मला जग तेवढंच ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात हाये तेवढंच सांग." मी बसलो. पुढं शाळा सुटली, पण ती कारणं डोक्यातून गेली नाहीत.

आता तीच नातीला एकेक लावून पाहतो. पगार? तो नागपुरातही मिळतो. मान? या घरात तिच्याएवढा कोणाला आहे? आईशी भांडण? दोघी एका ताटात जेवतात. काल ती सोबत न्यायच्या मिरचीचे देठ खुडत बसली होती. मिरे न्यायला आलेल्यांनीच ही मिरची इकडं आणली, हेही तुम्हीच सांगितलेलं. मी पुन्हा विचारलं, तशी ती वैतागली.

"कारण असलंच पायजे काय, आबाजी? मले पाहाचं हाये."

"काय पाहाचं हाये?"

"तेच त माहीत नाही. माहीत असतं त कायले गेली असती?"

हे तुमच्या फळ्यावर कुठं होतं, गुरुजी? आणि जहाज दिसेनासं झाल्यावर काठावर उभा असलेला म्हातारा घरी जाऊन काय करत होता? जेवत होता का? पोरगं बुडालं की पोचलं, हे त्याला कोणी कळवलं? एका ओळीनंही सांगितलं नाहीत. हिला तलावाच्या पारीवरून उतरतानाही मी हात धरायचो, आणि तिकडं म्हणे रस्त्यावर बर्फ असतो. रोज फोनवर दिसेन म्हणते. फोनातल्या माणसाच्या हातावर दही ठेवता येत नाही.

हे पत्र टाकू तरी कुठं? एक मात्र सांगतो, घरात कोणाजवळ बोलू नका. मघाशी सून गोठ्यात गेली तेव्हा दूध कोमट करून विरजण मीच लावलं. तेव्हापासून झाकण उचलून उचलून पाहतो आहे. अजून लागलं नाही.